गनस्मिथकडून शिकारीची रायफल बनवून घ्यायची असेल तर

डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींपैकी काही जण आता दर ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला डोंगरात जातात. बहुतेकांनी दुकानातून तयार रायफल घेतली आणि ती उत्तम चालतेही. मी मात्र गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका घडवणाऱ्या कारागिराकडून, बनवून घेतली. तेव्हापासून कुणाच्या घरी जेवायला गेलं की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, 'आम्हालाही करायचंय, कसं काय करायचं?' म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

हे सगळं अमेरिकेतलं, त्यातही कोलोरॅडोतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे नुसतं वाचायचं. मी वकील नाही. व्हिसाच्या बाबतीत मनात थोडीही शंका असेल तर रायफलीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.

१. आधी ठरवा, खरंच बनवून घ्यायची गरज आहे का

'हाताने बनवलेली रायफल जास्त अचूक मारते' हे कारण असेल तर पैसे वाचवा. आजकाल हजार डॉलरच्या आतबाहेरची कारखान्यातली बोल्ट ॲक्शन रायफल (प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट मागेपुढे करायची) चांगल्या काडतुसाने शंभर यार्डांवर इंचभराच्या घेऱ्यात तीन गोळ्या ठेवते. एल्कच्या छातीचा मर्मभाग त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. चुकतो तो माणूस.

बनवून घेण्याची खरी कारणं दोन-तीनच. तुमचं शरीर कारखान्याच्या मापात बसत नसेल, तुम्ही डावखुरे असाल, किंवा वजन, काडतूस आणि नळीची लांबी यांचं तुम्हाला हवं तसं गणित तयार मालात मिळत नसेल. मी पाच फूट एक इंच उंचीची आहे, आणि वरून डावखुरी. दुकानातली प्रत्येक रायफल खांद्याला लावली की दुर्बिणीत डोळा नेण्यासाठी मान ताणावी लागायची. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांची आणि काही पुरुषांचीही हीच अडचण असते. त्यांना वाटतं आपल्याला नेमबाजी जमत नाही.

चौथं कारणही आहे, सुंदर वस्तूची हौस. तेही चालेल, फक्त स्वतःशी कबूल करा. हौसेचं अंदाजपत्रक वेगळं असतं.

२. कागद आधी, रायफल नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक घाईत उरकतात. आपल्या लोकांनी नेमका इथेच सर्वांत जास्त वेळ द्यावा.

अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक म्हणजे ॲक्शनचा (काडतूस आत घेऊन बार उडवणाऱ्या मधल्या यंत्रणेचा) तो भाग, ज्यावर नंबर कोरलेला असतो. बॅरल म्हणजे नळी, खांद्याला टेकणारा दस्ता, ट्रिगर, दुर्बीण हे सगळे सुटे भाग. ते पोस्टाने थेट तुमच्या दारात येऊ शकतात. ॲक्शन मात्र परवानाधारक विक्रेत्याच्या हातूनच घ्यावी लागते. त्याच्या दुकानात बसून ४४७३ नंबरचा फेडरल फॉर्म भरायचा, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. कोलोरॅडोत ती राज्याचं तपास खातं करतं. ऑक्टोबर २०२३ पासून इथे किमान तीन दिवस थांबावंही लागतं, आज पैसे भरले आणि आज घेऊन गेलो असं होत नाही.

आता आपला प्रश्न. ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही, कार्डावरचा नंबर फॉर्मवर भरायचा. पण एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. या मनाईला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. मासेमारीचा परवाना चालत नाही.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार परवान्याआधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो करा, मजा येते आणि बंदूक सुरक्षित हाताळण्याचे संस्कार तिथेच होतात. मग वर्षभराचा स्मॉल गेम, म्हणजे ससे-पक्ष्यांसारख्या लहान शिकारीचा, परवाना काढून ठेवा. एल्कचा परवाना ठरावीक हंगामापुरता असतो. स्मॉल गेमचा मार्चपासून पुढच्या मार्चअखेरपर्यंत चालतो. व्हिसावर असणाऱ्याने त्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये, कारण परवाना संपला की घरातल्या कपाटात पडलेली रायफलसुद्धा बेकायदा ठरू शकते. फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

लागणारे कागद असे:

- पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद). किंवा ग्रीन कार्ड
- कोलोरॅडोचं ड्रायव्हिंग लायसन्स, त्यावर सध्याचा राहता पत्ता. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुनाच पत्ता असेल तर नवा पत्ता दाखवणारा दुसरा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी
- चालू शिकार परवाना, आणि त्याची छापील प्रत विक्रेत्याच्या फायलीसाठी
- हंटर एज्युकेशनचं कार्ड

तीन सापळे इथेच सांगते. पहिला: 'माझा मित्र सिटिझन आहे, त्याच्या नावावर घेऊ, पैसे मी देईन.' हा फेडरल गुन्हा आहे, दोघांचाही, आणि व्हिसावरच्या माणसाला तो देशाबाहेर काढू शकतो. दुसरा: गांजा. कोलोरॅडोत दुकानात उघड मिळतो म्हणून लोक गाफील राहतात. फेडरल कायद्यात तो अजूनही बेकायदा आहे, ४४७३ वर तसा थेट प्रश्न असतो, राज्याने मुभा दिली असली तरी फरक पडत नाही असंही तिथेच लिहिलेलं असतं. खोटं उत्तर हा आणखी एक गुन्हा. तिसरा: दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला. इलिनॉयमध्ये राज्याचं वेगळं फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र, लागतं. न्यू जर्सीत खरेदीसाठी वेगळं ओळखपत्र लागतं आणि तिथे हरणाची शिकार सेंटरफायर रायफलने (जिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी टोला बसून बार उडतो) करताच येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भाऊजींनी सांगितलेलं डेन्व्हरला लागू पडेलच असं नाही.

३. जनावर कोणतं, जागा कोणती, अंतर किती

गनस्मिथ पहिल्या भेटीत हेच विचारेल. उत्तर तयार नसेल तर तो त्याच्या आवडीची रायफल बनवेल.

माझं उत्तर होतं: एल्क, आठ ते अकरा हजार फुटांवर, पायी चालत, जास्तीत जास्त तीनशे यार्ड. नर एल्क सहज तीनशे किलोच्या वर जातो. कोलोरॅडोचा नियम सांगतो की एल्कसाठी सेंटरफायर रायफल किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे गोळीची जाडी, इंचांत), बॅरल किमान १६ इंच आणि गोळी आत गेल्यावर पसरणारी हवी. हा झाला कायद्याचा तळ. त्याच्या वर काय घ्यायचं यावर इथली माणसं रात्र-रात्र भांडतात.

माझं मत थोडक्यात. दुकानात सगळ्यात जोरात विकतात ती मॅग्नम, म्हणजे जास्त दारू भरलेली, काडतुसं. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ पासून आहे आणि एल्कसाठी नावाजलेलं आहे, पण सारख्याच वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का ६.५ क्रीडमोर या सौम्य काडतुसाच्या दुपटीहून जास्त बसतो. पंचावन्न किलोच्या माणसाने असला धक्का खाल्ला की चार गोळ्यांनंतर ट्रिगर दाबताना डोळे आपोआप मिटायला लागतात. एकदा लागलेली ही सवय सुटता सुटत नाही. .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ चं, .२७० विंचेस्टर १९२५ चं, .३०८ विंचेस्टर १९५२ चं. या म्हाताऱ्यांनी डोंगरातून किती एल्क खाली आणले असतील त्याची गणती नाही. मी .३०८ च्याच केसवर, म्हणजे पितळी कवचावर, बेतलेलं ७ एमएम-०८ रेमिंग्टन घेतलं. धक्का सोसवतो, तीनशे यार्डांपर्यंत काम चोख.

घेऊ नये असं एकच सांगते: वाइल्डकॅट, म्हणजे कुठलाच कारखाना तयार बनवत नाही असं काडतूस. गनस्मिथच्या दुकानात ते फार मोहक वाटतं. मग क्रेगला पोहोचल्यावर कळतं की काडतुसांची पेटी घरी राहिली. एल्कच्या शिकारीची जागतिक राजधानी म्हणवून घेणाऱ्या त्या गावात .३०-०६ आणि ६.५ क्रीडमोर मिळेल, तुमचं वाइल्डकॅट नाही. माझं ७ एमएम-०८ सुद्धा तिथे मिळेलच अशी खात्री नसते, म्हणून मी दोन पेट्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवते.

४. गनस्मिथ शोधणे

गनस्मिथ म्हणवणारे तीन प्रकारचे असतात. काही फक्त दुर्बीण बसवतात, स्प्रिंग बदलतात, साफसफाई करतात. काही तयार ॲक्शनला नवी बॅरल लावून सिंथेटिक दस्त्यात बसवतात; आपल्यापैकी बहुतेकांना हाच हवा. तिसरे लाकूड कोरून, पोलादावर नक्षी काढून रायफल घडवणारे, त्यांच्याकडे रांगही मोठी आणि बिलही.

कोलोरॅडोत राहण्याचा एक फायदा आहे. दक्षिणेकडच्या ट्रिनिडाड गावातल्या सरकारी कॉलेजात १९४७ पासून गनस्मिथिंगचा अभ्यासक्रम चालतो. काडतुसांच्या दुनियेत ज्यांचं नाव .२८० ॲकली इम्प्रूव्ह्ड या काडतुसामुळे अजून घेतलं जातं ते पी. ओ. ॲकली तिथे शिकवायचे. तिथून शिकून बाहेर पडलेले कारागीर राज्यभर पसरलेले आहेत. नेमबाजीच्या रेंजवर, हंटर एज्युकेशनच्या शिक्षकांकडे चौकशी केली की दोन-तीन नावं निघतात.

भेटायला गेलात की हे विचारा: फेडरल परवाना आहे का, आणि कोणत्या प्रकारचा? तुमच्यासारखं काम केलेल्या एक-दोन ग्राहकांशी बोलायला मिळेल का? चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातली काडतूस बसायची पोकळी, तुम्ही स्वतः कापता की बाहेरून करून आणता? डावखुऱ्या ॲक्शनवर काम केलंय का? प्रश्न विचारले म्हणून जो चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. एका दुकानात माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तरं मिळत होती. रायफल माझी, प्रश्न माझे, आणि नवऱ्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. आम्ही आभार मानून बाहेर पडलो.

५. माप

इथे कामाची खरी किंमत वसूल होते. ब्लाउज शिवायला टाकताना जुना ब्लाउज मापाला देऊन काम भागतं. रायफलीचं तसं नाही, इथे अंगावरच माप घ्यावं लागतं, तेही शिकारीच्या कपड्यांत. ऑक्टोबरात दहा हजार फुटांवर जे जाड जाकीट घालणार तेच घालून जा. टी-शर्टात घेतलेलं माप बर्फात एक इंचाने चुकतं.

पहिलं माप लेंग्थ ऑफ पुल, म्हणजे ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. कारखान्यातल्या रायफलींत हे साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. माझं जाकिटासकट साडेबारा निघालं. एक इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. त्या एका इंचामुळेच माझी मान ताणली जायची आणि जाकिटाच्या काखेत दस्ता अडकायचा.

दुसरं माप दस्त्याच्या वरच्या कडेची उंची, जिथे गाल टेकतो. तिसरं, दस्त्याला डावीकडे किंवा उजवीकडे दिलेला किंचितसा बाक. चौथं, मुठीची जाडी आणि बोटापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. छोट्या हातांना कारखान्याची मूठ जाड पडते. मग बोटाच्या टोकाऐवजी बोट वाकडं करून ट्रिगर ओढला जातो आणि गोळी बाजूला जाते.

माझ्या गनस्मिथने घेतलेली परीक्षा सांगते, ती तुम्हीही मागून घ्या. त्याच्याकडे मागेपुढे-वरखाली सरकवता येणारा एक नमुन्याचा दस्ता होता. बोल्ट काढून चेंबर रिकामं असल्याचं त्याने मला दाखवलं, मग म्हणाला, डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, गाल टेकव, आरामात बस. आता डोळा उघड. दुर्बिणीत काळी चंद्रकोर दिसली. त्याने वरची कड पाव इंच उचलली. पुन्हा डोळे मीट. आता चंद्रकोर पातळ. असं करत करत एका क्षणी डोळा उघडला आणि गोल लख्ख, पूर्ण भरलेला, मान कुठेही न हलवता. हे उभं राहून, बसून आणि पालथं पडून, तिन्ही प्रकारे करायचं. पालथं पडल्यावर डोळा दुर्बिणीच्या जास्त जवळ येतो आणि धक्का बसला की काच भुवईवर आदळते. इथल्या बऱ्याच शिकाऱ्यांच्या भुवईवर तशी चंद्रकोरीची खूण सापडेल.

प्रबळ डोळा कोणता तेही आधीच तपासून घ्या. दोन्ही हातांचे तळवे पुढे करून मध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबची वस्तू त्या फटीत पकडा, मग एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू जागेवर राहते तो प्रबळ. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ निघू शकतो, आणि तसं असेल तर डावी रायफल घ्यायची का हे मापाच्या दिवशीच बोलायला हवं.

६. भाग निवडणे

ॲक्शन: १९६२ सालच्या रेमिंग्टन ७०० च्या आराखड्यावर बसणाऱ्या ॲक्शनला सर्वांत जास्त सुटे भाग मिळतात. मोंटानातली डिफायन्स आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या त्याच आराखड्याच्या, जास्त काटेकोर ॲक्शन बनवतात, डावखुऱ्यांसाठीही. जुन्या माउझर ९८ वर किंवा १९६४ आधीच्या विंचेस्टर मॉडेल ७० वर जीव असलेले लोकही आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालू नये.

बॅरल: पैसे इथे घाला. विस्कॉन्सिनच्या क्रीगर आणि बार्टलाइन या कंपन्या रायफलिंग, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, कापून काढतात. टेक्ससची शिलेन, मोंटानाची लिल्या त्या 'बटण' नावाचं कठीण हत्यार नळीतून ओढून उमटवतात. दोन्ही पद्धतींच्या नळ्या उत्तम मारतात, त्यावर झोप घालवू नका. त्यापेक्षा पीळ महत्त्वाचा, म्हणजे किती इंचांत एक पूर्ण फेरा. लांब गोळीला जास्त घट्ट पीळ लागतो. तांब्याच्या, शिसं नसलेल्या गोळ्या त्याच वजनात लांब असतात, म्हणून त्या वापरायच्या असतील तर ऑर्डर देण्यापूर्वीच सांगा. मांसात शिशाचे कण नकोत म्हणून मी तांब्याची गोळी वापरते. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

कार्बन फायबर गुंडाळलेली बॅरल हलकी असते आणि पोलादाच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडते. पण रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त. दुर्बिणीसकट साडेसात पौंडांच्या आसपासचं वजन मला चढणीवर झेपतं आणि खांद्यालाही सोसतं. धक्का कमी करायला मझल ब्रेक, म्हणजे बॅरलच्या तोंडाला बसणारं भोकांचं टोपण, लावा असं कुणी सुचवेल. तो काम करतो, पण आवाज इतका वाढवतो की कानाला संरक्षण नसताना एक गोळीही कानाला इजा करून जाते. बॅरलच्या तोंडाला आटे मात्र पाडून घ्या, पुढेमागे सायलेन्सर घ्यायचा झाला तर उपयोगी पडतील. त्याची फेडरल मंजुरी वेगळी घ्यावी लागते.

दस्ता: बर्फापावसात फिरणार असाल तर फायबरग्लास किंवा कार्बनचा. ॲरिझोनाची मॅकमिलन आणि मिझुरीची मॅनर्स ही नावं सतत कानावर येतील. लाकूडच हवं असेल तर अक्रोड. त्यातला इंग्लिश वॉलनट म्हणजे आपण काश्मीरहून आणतो त्याच अक्रोडाचं झाड. लाकडात ॲक्शन बसवण्याचं काम मी एकदा शेजारी उभी राहून पाहिलं. कारागीर पोलादाला काजळी फासतो, लाकडाच्या खाचेत दाबतो, अलगद उचलतो. जिथे जिथे काळा ठिपका उमटला तिथेच लाकूड पोलादाला टेकतंय. तेवढाच ठिपका पातळ पटाशीने खरवडायचा, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. संपूर्ण खाच एकसारखी काळी उमटेपर्यंत हेच. लाकडी दस्त्याच्या मजुरीचा आकडा ऐकून माझ्या तोंडून निघालेला 'एवढे?' मी तिथेच गिळला.

ट्रिगर: टिमनी, ट्रिगरटेक, कोणताही नामांकित चालेल. शिकारीसाठी अडीच-तीन पौंडांपेक्षा हलका करू नका. गोठलेल्या बोटांना हलका ट्रिगर समजत नाही.

दुर्बीण: रायफलीइतकाच विचार तिचा करा. एल्क उजाडताना आणि मावळताना बाहेर पडतो, तेव्हा काच चांगली लागते. मोठी झूम लागत नाही; तीन ते दहा पट पुरे.

७. लेखी करार

खर्चाचा ढोबळ अंदाज: सिंथेटिक दस्ता, चांगली ॲक्शन, चांगली बॅरल, मजुरी आणि दुर्बीण मिळून पाच हजार डॉलरच्या आत बसवणं अवघड. लाकूड आणि नक्षीकामात शिरलात तर आकडा सांगत नाही. तोंडी बोलण्यावर काम सोपवू नका. कागदावर हे हवंच:

- प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल, बॅरलची लांबी, पीळ आणि काडतूस
- चेंबर सामीच्या (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था) प्रमाण मापाचं आहे का. तसं नसेल तर दुकानातलं काडतूस नीट बसेल याची लेखी खात्री
- तुमची सगळी मापं
- आगाऊ रक्कम किती, ती कोणत्या टप्प्यावर परत मिळणार नाही
- अचूकतेची हमी: किती गोळ्यांचा गट, किती यार्डांवर, कोणत्या काडतुसाने. 'हाफ एमओए' (शंभर यार्डांवर साधारण अर्ध्या इंचाचा गट) एवढंच लिहिलेलं असेल तर ते वाऱ्यावरचं. तीन गोळ्यांचा गट आणि पाच गोळ्यांचा गट यांत फार फरक असतो
- पूर्ण होण्याचा अंदाजी महिना, आणि उशीर झाला तर काय

कर वेगळा की किमतीत धरलेला, तेही विचारा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली रायफलींवर ११ टक्के फेडरल अबकारी कर आहे आणि तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. वर्षाला ५० हून कमी बंदुका बनवणाऱ्या छोट्या कारागिराला त्यातून सूट आहे. शिवाय कोलोरॅडोच्या मतदारांनी मंजूर केलेला साडेसहा टक्क्यांचा कर एप्रिल २०२५ पासून सुरू झाला आहे.

ॲक्शन कुणी आणायची यावरही कागदपत्रं बदलतात. तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलेली ॲक्शन गनस्मिथला कामासाठी दिलीत तर तो आपल्या वहीत नोंद करतो आणि काम झाल्यावर तुम्हाला परत देतो; सहसा नवा ४४७३ लागत नाही. त्याने त्याची ॲक्शन वापरली तर ती विक्री ठरते आणि फॉर्म, तपासणी, थांबणं सगळं तेव्हा होतं. गनस्मिथ दुसऱ्या राज्यातला असेल तर रायफल तुमच्या गावातल्या परवानाधारक दुकानात येते, तुमच्या घरी नाही. भागांच्या पावत्या स्वतःच्या नावावर आणि ॲक्शनचा नंबर घरी लिहून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाचा कारागीर मध्येच आजारी पडून दुकान बंद झालं. पावत्या होत्या म्हणून बॅरल आणि दस्ता परत मिळाला.

८. वाट पाहण्याचा काळ

सहा महिने ते वर्ष धरून चाला, कधी त्याहून जास्त. नामांकित बॅरलवाल्यांकडेच काही महिन्यांची रांग असते. एल्कच्या परवान्याच्या मुख्य सोडतीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतो. परवाना लागला म्हणून मे महिन्यात गनस्मिथकडे धावलात तर त्या हंगामाला भाड्याची किंवा उसनी रायफल शोधावी लागेल. व्हिसावर असाल तर उसन्या रायफललाही शिकार परवान्याची तीच अट आहे.

मधल्या काळात .२२ ची साधी रायफल घेऊन चेरी क्रीक स्टेट पार्कच्या रेंजवर जात राहा. धक्का नाही, काडतूस स्वस्त, हात तयार होतो. गनस्मिथला दर आठवड्याला फोन करू नका, महिन्याला एक ईमेल पुरे.

९. ताबा घेताना

उत्साहात पेटी उचलून निघू नका. तासभर थांबा आणि त्याच्यासमोर हे तपासा.

बोल्ट उघडा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही. मग गेज, म्हणजे चेंबरची खोली तपासायची मापकं, मागा: 'गो' गेजवर बोल्ट सहज बंद व्हायला हवा, 'नो-गो'वर बंद होता कामा नये. चांगला कारागीर हे न मागता दाखवतो. बॅरल आणि दस्ता यांच्यामध्ये डॉलरची नोट सरकवा; पुढच्या टोकापासून ॲक्शनपर्यंत कुठेही न अडकता जायला हवी. अडकली तर नळी तिथे लाकडाला घासते, आणि गरम झाली की नेम सरकतो. मॅगझिनमध्ये डमी काडतुसं भरून सगळी फिरवून बघा, सावकाश आणि झटक्यातही. सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, मग सेफ्टी काढा. काहीही सुटता कामा नये. लेंग्थ ऑफ पुल टेपने मोजा. आणि जाकीट सोबत न्यायला विसरू नका, डोळे मिटायची परीक्षा पुन्हा करायची आहे.

त्याने चाचणीत मारलेलं कागदी लक्ष्य, वापरलेल्या काडतुसाचं नाव आणि वजन, आणि स्क्रू किती ताकदीने आवळायचे ते आकडे लिहून घ्या.

१०. घरी आणल्यावर

डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि शिकार त्याच्या दुप्पट उंचीवर. वरची हवा विरळ, म्हणून गोळी वाटेत कमी खाली झुकते. तीनशे यार्डांच्या आत हा फरक फार नाही, पण शिकारीच्या दोन दिवस आधी वर जाऊन दोन गोळ्या मारून खात्री करा. प्रवासात आपटल्याने दुर्बीण सरकलेली असते तीही तेव्हाच कळते. कडाक्याच्या थंडीत बोल्टमधलं तेल घट्ट होतं आणि बार उडत नाही; हंगामाआधी बोल्ट कोरडा पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्या.

घरात मुलं असतील तर रायफल कुलूपबंद ठेवणं हा कोलोरॅडोत कायदाच आहे. २०२५ पासून गाडीत सोडून जायची झाली तरी रायफल कुलूप लावलेल्या पिशवीत किंवा पेटीत, बाहेरून न दिसेल अशी, आणि गाडी लॉक. घराच्या विम्यात बंदुकीची मर्यादा बहुधा कमी असते. विमावाल्याला पावती पाठवून वेगळी नोंद करून घ्या.

देशांतर्गत विमानात रायफल नेता येते: रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात. भारतात न्यायचा विचारसुद्धा करू नका, तिथे १९५९ चा शस्त्र कायदा लागतो. आणि शिकारीला वापरलेली पाठपिशवी भारताच्या प्रवासात अजिबात न्यायची नाही, आतून धुतली असली तरी. खिशाच्या शिवणीत राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावरच्या मशिनीत दिसलं की गाठ थेट पोलिसांशी पडते. शिकारीची पिशवी वेगळ्या रंगाची घ्या आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे सुट्टीत घाईघाईने सामान भरणारा घरातला दुसरा कुणी ती उचलणार नाही.